कोऱ्या तारखेचा अर्ज

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. चाळीस वर्षांचा संसार, घरातलं मीठ संपलं तरी एकमेकांना सांगायचो — पण हे नाही. ती गेली, तीही मला सज्जन समजून. आता तुम्हाला सांगतो. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर खरं बोलायची हिंमत माझ्यात कधीच नव्हती, हे पुढे कळेलच.

गोष्ट एकोणीसशे पन्नासच्या दशकातली. तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणत, गडचिरोली त्याच जिल्ह्यात होती आणि आमची राजधानी नागपूर. मी चांद्याच्या एका सरकारी कचेरीत हंगामी कारकून होतो. जिल्ह्यात राहणाऱ्या परदेशी माणसांचे कागद माझ्या टेबलावर असत — कोण कधी आला, काय काम करतो, मुक्कामाचा परवाना कधी संपतो. अशी माणसं मोजकीच. त्यांत एक कारीनबाई.

बाई स्वीडनच्या. वय चाळिशीचं, ताडमाड उंची, उन्हानं नाकाची सालं निघालेली. गडचिरोलीच्याही पलीकडे, दोन नद्या ओलांडल्यावर जे जंगल लागतं, तिथल्या एका गावात तिथल्याच शिक्षण समितीनं गोंड मुलींची शाळा काढली होती. त्या शाळेत बाई पगारी शिक्षिका. मराठी त्या गावातच शिकल्या, त्यामुळे बोलायच्या आमच्या भागातली अस्सल झाडीबोली. गोऱ्या बाईच्या तोंडून ‘मले’, ‘तुले’ ऐकून अख्खी कचेरी कामं टाकून हसायची. त्याही हसायच्या.

दरसाल डिसेंबरअखेर त्यांचा परवाना संपे. वाढवून हवा तर महिनाभर आधी अर्ज द्यायचा, आणि सोबत आयकर कचेरीचा दाखला जोडायचा की बाईंकडे कराची काही बाकी नाही. पहिल्या वर्षी आयकराचा फॉर्म घेऊन त्या माझ्यासमोरच भरायला बसल्या. पगार लिहून झाला, मग लेखणी थांबली.

“भाऊ, पोरींचे मायबाप मले कोंबडी देतात, तांदूळ देतात. ते कुठी लिहू?”

मी म्हटलं, कोंबडीवर कर नाही, बाई. त्यांना ते पटेना. मिळालं ते मिळालं, लपवायचं काऊन? शेवटी खालच्या रिकाम्या जागेत त्यांनी बारीक अक्षरात कोंबड्या लिहिल्याच. अशी ती बाई.

पुढे दाखला मिळाल्यावर अर्ज दिला, तेव्हा त्यांनी पावती मागितली. आणि मला — आता लाज वाटते, तेव्हा वाटली नाही — मला राग आला. आमच्याकडे ओळखीच्या माणसाकडे पावती मागत नाहीत. शेजाऱ्याला बैलजोडी दिली तरी कागद करत नाहीत. कागद मागितला म्हणजे त्याला चोर म्हटल्यासारखं. मी तोंड पाडून म्हणालो, “काऊन बाई, आमच्यावर भरोसा नाई का?” बाई पार ओशाळल्या. चुकलं म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी कधी पावती मागितली नाही.

आणि अर्जावरची तारीख कोरी ठेवा, ती आम्ही टाकतो, हेही त्यांना मीच सांगितलं. सगळेच कारकून सांगत. कागद रजिस्टरला चढेल त्या दिवसाची तारीख टाकली की खाडाखोड होत नाही, एवढंच त्यातलं कारण. तेव्हा तरी एवढंच होतं.

चौथ्या वर्षी दिवाळी होऊन आठवडाही झाला नव्हता, तोच बाई आल्या. अंगात ताप, डोळे लालबुंद. त्या भागातला मलेरिया कुणाला सोडत नसे. अर्ज, फोटो, आयकराचा दाखला, सगळं एका लिफाफ्यात. सोमवारी चढवतो म्हटलं आणि लिफाफा माझ्या खणात टाकला. वर माझी नाटकाची वही ठेवली.

हो — नाटकाचं सांगायचं राहिलं. हिवाळ्यात आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. वडशाच्या एका मंडळीत मी बाईचं काम करायचो. तेव्हा बायकांची कामं पुरुषच करत आणि मी रडायचो फार छान. नवरा निरपराध बायकोला घराबाहेर काढतो असा प्रवेश होता, त्याला हटकून वन्स मोर मिळे. शनिवारी मंडळीचा निरोप आला. आजारी आहे म्हणून मी खोटी रजा टाकली, वही काढून घेतली, खणाला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि गाडी पकडून वडशाला गेलो. एका गावचा प्रयोग झाला की दुसऱ्या गावचं बोलावणं येई. मीही रजा वाढवत राहिलो. लिफाफ्याची आठवण? एकदाही आली नाही. देवाशपथ सांगतो — पण शपथेचा आता काय उपयोग?

परत येऊन खण उघडला तेव्हा अर्जाची मुदत उलटून गेली होती.

एक वाक्य बोलायचं होतं. साहेब, चूक माझी आहे. साहेब काही वाघ नव्हता. ओरडला असता, नागपूरला चिठ्ठी लिहून निभावूनही नेलं असतं कदाचित. पण मग खोटी रजा उघडी पडली असती, आणि मला कायम करण्याचा कागद त्याच महिन्यात साहेबांच्या टेबलावर होता. मी लिफाफ्यातून अर्ज बाहेर काढला. मग दौत पुढे ओढली. कोऱ्या जागेत त्या दिवसाची तारीख टाकली, शिक्का मारला, आणि शेरा लिहिला — अर्ज मुदतीनंतर मिळाला. माझं अक्षर सुरेख होतं. सगळेच म्हणायचे.

आयकराच्या दाखल्यावर दिवाळीआधीची तारीख होती. तिनं मला उघडं पाडायला हवं होतं ना? झालं उलटंच. वरच्या साहेबांनी वाचलं ते असं की दाखला इतक्या आधी हातात पडूनही बाईनं अर्जाला उशीर केला, म्हणजे हिला कायद्याची पर्वा नाही. परवाना वाढवून मिळाला नाही. देश सोडण्याचा हुकूम आला.

बाई आल्या त्या रैनूभाऊला घेऊन. त्याच गावचा गोंड शेतकरी, त्याची मुलगी सोमी शाळेत होती. त्यानं दारातूनच हात जोडले.

“सायेब, बाईले एक साल तरी राहू द्या ना जी. पोरी आत्ता कुठी वाचून राह्यल्या.”

मी कुठला साहेब! पण त्यानं म्हटलं आणि मी ऐकून घेतलं.

बाईंनी मला हळूच विचारलं, “भाऊ, अर्ज मी दिवाळी झाल्यावर लगेच देल्ली होती ना?”

‘दिला होता’ नाही, ‘देल्ली होती’. एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी मी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणालो, नाही बाई. तुम्ही फार उशिरा आलात. तुम्हाला ताप होता, तुमच्या ध्यानात राहिलं नसेल.

तारखेचा खोटेपणा मी भीतीपोटी केला, असं एक वेळ म्हणता येईल. पण हे? आजारी माणसाच्या आजाराचाच मी उपयोग केला.  बाई मान खाली घालून आठवू लागल्या. तापातले दिवस जुळवून पाहत होत्या बिचाऱ्या, आणि ते जुळेनात. मग त्या रैनूभाऊकडे वळल्या आणि गोंडीत काहीतरी बोलल्या. मला गोंडी येत नव्हती. पण बोलताना त्यांनी स्वतःच्याच छातीवर हात ठेवला होता. चूक माझी, असं त्या त्याला सांगत होत्या. मी ऐकत उभा होतो.

त्या जंगलात दुसरी शिक्षिका यायला तयार झाली नाही. शाळा पावसाळ्याआधीच बंद पडली. मी कायम झालो, पुढे बढतीही मिळाली. बऱ्याच वर्षांनी गडचिरोलीच्या बाजारात रैनूभाऊ भेटला. त्यानंच मला ओळखलं, चहा पाजला. सोमी दुसऱ्याच्या शेतात भाताच्या रोवण्याला जाते म्हणाला. वाचता येतं का तिला, मी विचारलं. “आपलं नाव तेवढं लिवते जी,” तो म्हणाला. “बाईच्या तापानं घात केला.” मी चहा संपवला. तिथंही बोललो नाही. पैसेसुद्धा त्यानंच दिले.

एक सांगायचं राहिलं. जायच्या आधी बाई आपलं नोंदणीचं पुस्तक जमा करायला कचेरीत आल्या. त्या दिवशी मी न मागता पावती लिहायला घेतली. नाव, वार, तारीख, सही, शिक्का — काही सोडलं नाही. पावती त्यांच्यापुढे धरली. बाईंनी ती घेतली नाही. दोन बोटांनी माझ्याकडे परत सरकवली.

“राहू द्या ना, भाऊ. ओळखीच्या माणसाची पावती कायले?”

मी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. टोमणा नव्हता. इथली रीत पाळत होत्या त्या, मी शिकवलेली. नमस्कार केला आणि गेल्या.

ती पावती अजून माझ्याजवळ आहे. तिच्यावरची तारीख खरी आहे.