पिठाची चांदणी

हे मी आजवर कुणापुढे बोललेले नाही. मुलापुढे नाही, सुनेपुढे नाही. देवापुढे हात जोडते तेव्हाही मी डोळे मिटून भलतंच काहीतरी पुटपुटते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. निदान तुम्ही तरी ‘मंदाकाकू किती गुणी’ असं म्हणणार नाही. ते ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. गुणी! कुठून काढलं यांनी?

मी चौथीपर्यंत शिकले. चार माणसांत माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही. मुलाने इथे अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आणलं तेव्हा पहिलं वर्ष मी स्वयंपाकघर आणि मागचं अंगण, एवढंच पाहिलं. मग एका रविवारी मुलगा मला गावाबाहेरच्या जंगलात घेऊन गेला. आपल्या मराठी मंडळींचा तिथे गट जमतो. तरुण पोरं-पोरी पळतात, आम्ही म्हातारी चालतो, आणि शेवटी पार्किंगमध्ये पोहे आणि थर्मासातला चहा.

मला ते जंगल फार आवडलं. आणि माझ्या पायांना ते पाठ झालं — कुठे ओकच्या मुळांची ठेच लागते, कुठे उतारावर पानं ओली असतात, कुठल्या बाकावर सकाळचं ऊन येतं. तिथे तीन वाटा आहेत. छोटी तळ्याकाठची, मैलभराची, सपाट, दोन बाकांची. मधली उंच गवतातून. आणि मोठी, चार मैलांची, टेकडीवरून, लाकडी पूल ओलांडून — तिच्यावर टेकायलाही जागा नाही. तिथल्या पाट्या इंग्रजीत. म्हणून मी मुलाला म्हटलं, फाट्यांवर तांदळाच्या पिठाने खुणा काढू का? छोट्या वाटेला चांदणी, मधलीला कोयरी, मोठीला पान. गटाला ते इतकं आवडलं की दर रविवारचं ते कामच माझं झालं. गुडघे दुखणाऱ्यांनी चांदणी धरायची, दम असलेल्यांनी पान. आयुष्यात पहिल्यांदा माणसं माझ्यामागून चालत होती. तुम्हाला कळतंय का, मला काय वाटत असेल?

मग सुलभाताई आल्या. पुण्याच्या निवृत्त मुख्याध्यापिका, सत्तरीच्या, हातात काठी. इथे मुलांचा मराठीचा वर्ग घ्यायच्या. सगळे मला काकू म्हणायचे, त्या मात्र ‘मंदाबाई’ म्हणायच्या — घरी कामाला येणाऱ्या बाईला म्हणतात तसं. पण बोलायला गोड. एकदा बाकावर शेजारी बसून त्यांनी माझी चौकशी केली, आणि कधी कुणाला न सांगितलेलं मी त्यांना सांगितलं — की चौथीनंतर मला शाळेतून काढलं.

पुढच्याच रविवारी, पोह्यांच्या वेळी, सगळ्यांदेखत त्या म्हणाल्या, “आमच्या गाईड चौथी पास आहेत हो! सांभाळून चाला, नाहीतर मंदाबाई थेट शिकागोला नेऊन सोडतील.”

सगळे हसले. माझा मुलगाही हसला. एवढंच झालं. तुम्ही म्हणाल, थट्टा होती. हो, थट्टाच होती! पण तो आठवडाभर कणीक मळताना, कपड्यांच्या घड्या घालताना ते हसू माझ्या कानात वाजत होतं. मुलाला तर मी एका शब्दाने विचारलं नाही. विचारायला हवं होतं. रागवायचं होतं तर त्याच्यावर, त्यांच्यावर, तोंडावर, मोठ्याने. पण तोंड उघडायची हिंमत माझ्यात कुठली?

त्यानंतरच्या रविवारी थंडी होती. माणसं कमी आली. छोट्या वाटेवर जाणाऱ्या सुलभाताई एकट्याच. पळणारे पुढे गेले. त्या चहा संपवून सावकाश निघणार होत्या, नेहमीसारख्या. मी म्हटलं, जरा पाय मोकळे करते. पहिल्या फाट्यावर गेले. तिथून तळं दिसत नाही, दोन्हीकडे सारखंच गवत. डावीकडे माझी चांदणी, उजवीकडे पान; कोयरीची वाट पुढे फुटते. मी डावीकडची चांदणी बुटाने पुसली. उजवीकडचं पान पुसलं. जॅकेटच्या खिशातून पिठाची पिशवी काढली आणि पानाच्या जागी चांदणी काढली. पाचही टोकं नीट आली — मी मागे सरून पाहिलंही, कशी दिसते ते. मग परत येऊन पोहे ढवळत बसले.

काय वाटलं होतं मला? दमतील, परत फिरतील, बस्स. असं मी स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. टेकडी मला माहीत होती. त्यांची काठीही मला दिसत होती.

पळणारे टेकडीच्या पलीकडून उतरून परत आले. सुलभाताई नाहीत. फोन त्यांचा गाडीत. त्यांचा मुलगा अभिजित तळ्याला चक्कर मारून आला, घाबराघुबरा; पायाखालच्या पिठाकडे त्याचं लक्षही नव्हतं. मी म्हटलं, “मी बघते.” आणि पळाले. सगळ्यांना कौतुक — काकू बघा कशी धावतेय! फाट्यावर थांबून मी आधी चांदणी पुसली, तिथे पान काढलं, डावीकडे पुन्हा चांदणी काढली. आधी ते. मग टेकडी चढले.

पुलाच्या अलीकडे त्या एका पडलेल्या ओंडक्यावर बसल्या होत्या. हाताला खरचटलेलं. सलवार ओली झाली होती, आणि ती चिखलाने नव्हे. माझ्याकडे बघून त्यांनी ओढणी पुढे घेतली. मी माझं जॅकेट काढून त्यांच्या कमरेला बांधलं, आणि तेवढ्यात मागून अभिजित आला. त्याने पाहिलं, मला हात जोडले. मला!

परत येताना फाट्यावर सुलभाताई थांबल्या. म्हणाल्या, “इथे चांदणी होती.”

“पान आहे, आई,” अभिजित म्हणाला. “हे बघ ना. चांदणी तिकडे आहे.” त्याने मोबाइलवर फोटोही काढला. शोधत फाट्यापर्यंत आलेल्या मंडळींपैकी कुणीतरी हसून म्हणालं, बाई, सगळा जन्म दुसऱ्यांच्या चुका काढल्यात, आज तुमची निघाली!

गाडीत मागच्या सीटवर आम्ही दोघी. त्यांनी माझा हात धरला. गार हात. हळू आवाजात म्हणाल्या, “मला डावीकडे वळायचं आठवत होतं हो. पण तुमची चांदणी उजवीकडे दिसली. म्हटलं, मंदाबाई चुकायच्या नाहीत. चांदणीच होती ना?”

स्वतःच्या आठवणीपेक्षा त्यांनी माझ्या पिठावर विश्वास ठेवला होता. माझ्या! चौथी पास बाईच्या!

मी म्हटलं, “नाही हो ताई. पान होतं.”

हे सांगायचं होतं. पीठ पुसणं नव्हे — हे. पीठ पुसलं तेव्हा मी रागात होते. हे म्हटलं तेव्हा मला राग नव्हता. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी शांतपणे म्हटलं.

मग डॉक्टरांकडे जाणं झालं. स्मरणशक्तीच्या तपासण्या झाल्या. घड्याळाचं चित्र काढून दाखवा, हे शब्द लक्षात ठेवा. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने ठीक आहे. पण सुलभाताईंचा स्वतःवरचा विश्वास उडाला तो उडालाच. मराठीचा वर्ग त्यांनी सोडला — मुलांना चुकीचं शिकवायला नको म्हणाल्या. अभिजितने गॅसला हात लावायची बंदी केली. आता त्या भाजीत मीठ घातलं की नाही ते सुनेला विचारतात. सुनेने “घातलंत” म्हटलं तर म्हणतात, हो का, बरं. थट्टा करत नाहीत. कुणाचीच नाही. आणि मला आता ‘मंदाबाई’ म्हणत नाहीत. ‘मंदाताई’ म्हणतात.

दोन वर्षं झाली. दोन वर्षांत किती रविवार येतात, आणि प्रत्येक रविवारी त्या माझ्या शेजारी चालतात, माझा दंड धरून, कारण एकटीने चालायची भीती वाटते. फाटा आला की थांबतात, पिठाकडे बोट दाखवतात आणि विचारतात, ही चांदणीच ना? आणि मी म्हणते, हो ताई, चांदणीच. लोक दुरून बघतात आणि म्हणतात, काकू किती करतात त्यांचं. मला वाटतं पिशवीतलं सगळं पीठ त्या लोकांच्या तोंडावर फेकावं, आणि उरलेलं माझ्या.

त्यांना मी सांगितलेलं नाही. वेळ नव्हता असं नाही. मैलभर वाट असते, दोन बाक असतात, आम्ही दोघीच असतो. मी सांगत नाही.

आज शनिवार आहे. दुपारी तांदळाचं पीठ चाळून डब्यात भरून ठेवलं आहे.

चांदणीच होती. पाच टोकांची. मी काढली होती.