दहाव्याला आमदार

नगर जिल्ह्याच्या उगवतीकडं, कोरड्या पट्ट्यात आमची वस्ती. मतदारसंघ आधी राखीव होता, मग खुला झाला. आमदार बदलले, झेंडे बदलले. वस्तीपुढचा ओढा तसाच राहिला.

ओढ्यापलीकडच्या गावात आमची लेक दिलेली. ओढा आला की मायलेकींनी दोन काठांवर उभं राहून ओरडून बोलायचं. निम्मं बोलणं पाण्यातच जायचं. बायकोला पूल पाहिजे होता तो एवढ्यासाठी. मत मागायला येईल त्याला ती आधी चहा द्यायची, मग पुलाचं विचारायची. सगळे "करू" म्हणाले. एकदा आम्ही ऊसतोडीला असताना मताला न्यायला गाडी आली. मी म्हणलं, "कशाला जाती?" तर म्हणाली, "न्हाई गेले तर पुलाचं कोन काढंल?"

ती औंदा गेली. पुलापायी गेली असं कुणी म्हणू नये. वय झालं होतं.

दहाव्याला आमदार आले. आमच्याकडं येतातच, माईकवर श्रद्धांजली वाहतात. हा नवा, तरणा. त्यानं तिला कधी बघितलं नव्हतं, पण बोलून झाल्यावर गाडीत जाऊन बसला नाही, उन्हात थांबला.

पिंड ठेवला. बाभळीवर कावळे होते, खाली एक येईना. भावकी शब्द द्यायला लागली.

"वयनी, दादाला आमी संभाळू."

"लेकीला दिवाळीला आनू."

कावळा हालंना. मग माझा चुलत भाऊ मोठ्यानं म्हणाला, "सायेब, वयनी पुलासाठी आडलीय. तुमी म्हना."

"म्हना की! सभेत तर लई म्हनता," मागून एक म्हातारी.

लोक हसले. मला हसू आलं नाही. त्यानं "करतो" म्हणावं, कावळ्यानं शिवावं आणि बाई सुटावी, एवढंच मला पाहिजे होतं.

आमदार चपला काढून पिंडापुढं बसला. हात जोडले. हळूच म्हणाला, "आजी, पुलाचं मी मांडतो. पण होईलच असं तुमच्यापुढं खोटं बोलवत नाही."

कावळा आला नाही. लोक चिडले. "येवढं म्हनाया काय जात हुतं?"

मी म्हणलं, "गप बसा. लई जनांनी म्हनून झालंय तिला." आणि गुरुजींना सांगितलं, "दर्भाचा कावळा करा."

त्यांनी गवताचा कावळा करून पिंडाला शिववला. तिचं समाधान झालं का? नाही झालं. ओढ्यावर पूल नाही, मग कसं होईल?

आमदार निघताना माझ्या पाया पडला. त्याला मी चहाला थांबवलं. ती असती तर तिनंही थांबवलं असतं.