उजवा हात जपणारा भाडेकरू

स्वतःच्या उजव्या हाताची इतकी बडदास्त ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. ऑकलंडमध्ये पेनरोजजवळच्या आमच्या घरात मागच्या खोलीत राहायला आलेला हा तेवीस वर्षांचा ब्राझीलियन, बेसबॉलमधला पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. जपानमध्ये दोन वर्षं, मग अमेरिकेत खालच्या पायरीवरच्या एका संघात आणि तिथून नारळ मिळाल्यावर इथल्या एका क्लबात. दार डाव्या हाताने उघडायचा, हातसुद्धा डावाच मिळवायचा. भर उन्हाळ्यात पायात जँडल्स म्हणजे इथल्या रबरी चपला, अंगात चड्डी-बनियन आणि उजव्या हाताला तेवढी लोकरीची बाही! एकदा बायकोने लोणच्याची घट्ट बरणी पुढे केली, तर दोन पावलं मागे सरकून म्हणाला, "ताई, हा हात माझा नाही, देशाचा आहे." 'ताई' आणि 'दादा' तिनेच शिकवलेलं. मॅचच्या दिवशी तो काही खायचा नाही, आणि त्याच्या काळजीने आम्हालाही घास गिळवायचा नाही.

अखेर ब्राझीलच्या संघाचं बोलावणं आलं, आणि त्याच आठवड्यात कोपरातून कळ निघाली. "कुणाला बोलू नकोस," म्हणाला. मीच त्याला स्कॅनला नेलं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "लिगामेंट अर्धं फाटलंय. आता फेकलंस तर उरलेलंही जाईल. ऑपरेशन कर आणि वर्षभर थांब."

गाडीत बसल्यावर त्याने विचारलं, "दादा, तू काय केलं असतंस?"

"मी? मला माझ्या व्हिसाच्या निकालाची ईमेल उघडायचं धाडस व्हायला दोन दिवस लागले होते."

तो हसला, पण पुढचे तीन दिवस त्याचं काही ठरेना. चौथ्या सकाळी स्वयंपाकघरात उभ्या-उभ्याच त्याने ब्राझीलच्या प्रशिक्षकांना फोन लावला. पोर्तुगीजचं एक अक्षर आम्हाला कळेना. बायकोने माझं मनगट घट्ट धरलेलं. फोन ठेवून तो खाली बसला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, बरं केलंस सांगितलंस. माझ्या जागी दुसरा घेतला."

ऑपरेशनसाठी तो ब्राझीलला आईकडे परत गेला. संघाचे सामने आम्ही दोघांनी नियम न कळताही पाहिले.

परवा, वर्ष होत आलं असताना, त्याचा व्हिडिओ आला. अंगणातल्या भिंतीवर एकच चेंडू, तोही हळूच फेकलेला. बोलावणं अजून नाही. चेंडू भिंतीला लागेपर्यंत आम्ही दोघं श्वास रोखून बसलो होतो. मग बायको म्हणाली, "परत लाव."