बिनतुळशीचे माळकरी

गळ्यात तुळशीची माळ नाही, सुक्या बोंबलाशिवाय घास उतरत नाही, तरी अख्खं गाव त्यांना माळकरीबाबा म्हणायचं. पाहुणा हमखास फसायचा. माझ्या मामाने एकदा त्यांच्या पाया पडून विचारलं, "बाबा, माळ कोणत्या महाराजांकडून घेतली?" बाबा म्हणाले, "आमचा माळ गल्यात घालायचा नाय, पावना. तो बघा थितं पसरलाय." आणि त्यांनी गावाच्या वरच्या अंगाला बोट दाखवलं.

शेणव्याच्या पुढे, मुरबाडच्या वाटेला आमचं गाव. वरच्या अंगाला लांबलचक सपाट माळ आहे आणि त्याच्या मधोमध घोड्यांच्या दौडीची पट्टी. आसनगाव स्टेशन ते शहापूर टांगे चालायचे त्या काळात टांगेवाल्यांनी आपसात पैज लावून ही दौड सुरू केली, असं जुनी माणसं सांगतात. पौषातली म्हसा गावची जत्रा उठली की पुढच्या रविवारी दौड. टांगे गेले, रिक्षा आल्या, दौड मात्र राहिली. मग घोडे यायचे ते कल्याण-भिवंडीच्या शौकीन लोकांचे, नाहीतर लग्नाच्या वरातीतले. वरातीच्या घोड्यांवर बाबांचा फार राग. ढोल वाजल्याशिवाय पाऊल न उचलणारा घोडा दिसला की म्हणायचे, "ह्यो घोडा नाय, बँडवाल्याचा जावई हाय." पण तोच घोडा शेवटी आला तर गुळाचा पहिला खडा त्याच्याच तोंडात. कोणी हसलं तर सांगायचे, "पयल्याच्या मागं समदा गाव हाय. ह्याला कोन हाय?"

बाबा स्वतः टांगेवाले. त्यांची राणी नावाची घोडी होती. ओल्या मातीत गाईचा पाय रुतला की खळगा पडतो आणि पाऊस सरला की तो दगडासारखा वाळतो. राणीचा पाय भर दौडीत अशाच एका खळग्यात गेला आणि मोडला. पाय मोडलेला घोडा पुन्हा उभा राहत नाही. ती जाईपर्यंत बाबा तिचं डोकं मांडीवर घेऊन माळावरच बसून होते, असं माझी आई सांगते. नंतर टांगा विकला. चाबूक ठेवला.

तो चाबूक मग गुरांसाठी. पाऊस सुरू झाला की बाबा माळाच्या तोंडाशी बसायचे आणि गुरं आत शिरली की उठायचे. मारायचे नाहीत, हवेत फटका काढायचे, पण शिव्या मात्र गुराला आणि मालकाला सारख्याच वाटायचे. आमची कपिला सगळ्यात चोरटी. त्यामुळे आईचं आणि त्यांचं भांडण दर पावसाळ्याला ठरलेलं.

"गाईला तरी अक्कल नाय, तुला हाय ना गो?"

"बाबा, तुमचा घोडा काय दूध देतो?"

"दूध नाय देत. नाव देतो. मुरबाडात जाऊन सांग कुठल्या गावची ते. दौडीचं गाव का, असं इचारतात का नाय?"

आई पदर खोचून कपिलाला ओढत घरी आणायची आणि वाटभर बडबडायची. पण माहेरी गेली की तीही "आमच्या दौडीला या" असंच सांगायची.

मी बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली. हे मी कोणी न विचारताही सांगते, कारण ते फुकट मिळालेलं नाही. निकालाच्या दिवशी बाबा गूळ घेऊन आले. "आता कागद वाचायला गावचं मानूस झालं," म्हणाले.

तो कागद लवकरच आला. भिवंडीकडची गोदामं सरकत सरकत आमच्या बाजूला आली होती. माळावर गोदामं बांधायची म्हणून कोणीतरी जागा मागितली आणि तालुक्याहून साहेब पाहणीला आले. मी गावकऱ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की सरकारी दप्तरात ही जागा दौडीची नाही, गुरचरणाची आहे, गावच्या गुरांना चरायला ठेवलेली. बाबा त्या बैठकीला आले नव्हते. ते माळावर दगड वेचत होते, साहेबांना पट्टी स्वच्छ दिसावी म्हणून.

साहेबांनी चालत माळ पाहिला. बाबा धुतलेलं धोतर नेसून पुढे. साहेबांनी सहज विचारलं, "आजोबा, इथं गुरं चरतात का?"

बाबांची छाती फुगली. "गुरं? अहो साहेब, आयुष्य गेलं माजं, एक शेपूट फिरकू दिलं नाय. खुराची एक खून दाखवा, मिशी उतरवतो."

साहेब म्हणाले, "म्हणजे गुरचरण म्हणून वापर नाही."

मी पुढे होऊन सांगायला लागले, पण साहेबांनी माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली. आई एवढंच म्हणाली, "बाबा, काय बोललाव हे!" बाबा हसत होते. त्यांना वाटलं, आपण गावाची बाजू राखली.

संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर बसून समजावलं. गुरं चरत असतील तर जमीन गावाची, नाहीतर ती मोकळी धरून गोदामांना देणार. बराच वेळ ऐकून ते म्हणाले, "मंग घोडा काय मानसांत मोडतो? तोबी गुरांतच."

"बाबा, तो वर्षातून एकदा येतो. तोही टेंपोतून."

ते उठून आत गेले. त्यांनी चहाही घेतला नाही.

दुसऱ्या दिवसापासून माळकरीबाबा दारोदार हिंडू लागले. "तुमची गाय सोडा गो माळावर. बैल सोडा. म्हस असंल तर म्हस सोडा." माणसं तोंडावर हसायची. एक म्हातारा म्हणाला, "बाबा, चाबूक कुठं ठेवलाव?" पण हसणाऱ्यांकडेही गुरं राहिली नव्हती. दूध पिशवीतून येतं, नांगराला ट्रॅक्टर येतो. ज्यांच्याकडे चार शेपट्या उरल्या होत्या, त्यांना बाबांनी हात जोडले. आईने चार शब्द ऐकवायला तोंड उघडलं, मग कपिलाचं दावं मुकाट त्यांच्या हातात दिलं.

तो सगळा पावसाळा त्यांनी स्वतः पट्टीवर गुरं वळली. भिजलेल्या मातीत खूर रुतायचे तेव्हा चपक चपक असा आवाज यायचा. बाबा त्या आवाजाकडे पाठ करून, इरलं डोक्यावर घेऊन बसायचे. मी एकदा म्हटलं, "बाबा, कडेनं चारा ना. पट्टी तेवढी वाचेल." ते म्हणाले, "साहेब काय कडंला बघल? मधीच बघल." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "जमीन ऱ्हायली पायजे गो. मंग काय ते."

भात कापून झालं आणि बाबा गेले. छातीत कळ आली म्हणाले, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

माळाचा निकाल अजून लागलेला नाही. सुनावणीची तारीख पडते आणि पुढे ढकलली जाते. गावाचं म्हणणं मीच लिहून दिलं आहे. ही गुरांची जागा आहे, पिढ्यानपिढ्या गुरं इथंच चरतात, दुसरा वापर काही नाही.

यंदा म्हशाची जत्रा उठल्यावर रविवारी मुरबाडच्या बाजूने एक टेंपो आला. मागे पांढरा घोडा. मालक दरवर्षी येणारा, ओळखीचा. उतरून पट्टीवर गेला, एका वाळलेल्या खळग्यात त्याने पायाची टाच घालून पाहिली आणि माझ्याकडे आला.

"ताई, दौडीचं काय? माळकरीबाबा कुठायत?"

आसपास चार अनोळखी माणसं उभी होती. गोदामवाल्यांची असतील, नसतीलही.

मी म्हटलं, "बाबा वारले. आणि इथं दौड होत नाही. कधीच होत नव्हती."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग घोडा खाली न उतरवताच त्याने टेंपो वळवला.