दोन आकड्यांचं एकमत

छोट्या विमानतळाच्या शेवटच्या पत्र्याच्या शेडमध्ये काटेकाका सव्वीस वर्षं विमानांच्या तबकड्या दुरुस्त करत होते. उंचीची, वेगाची, तेलाच्या दाबाची. काट्यांत जन्म गेला म्हणून नाव पडलं काटेकाका; खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं. मोठा श्रद्धाळू माणूस. हात धुवून, क्षणभर डोळे मिटूनच स्क्रूड्रायव्हर उचलायचे. विमानात मात्र एकदाही बसले नव्हते. "विमानाचं पोट मी उघडून पाहिलंय, त्याच्यावर माझा भरवसा आहे. माझ्या पोटावर नाही," म्हणायचे.

गावातल्या दंतवैद्यांचं चार माणसांचं जुनं विमान त्यांच्याकडेच असे. दर शनिवारी डॉक्टर आणि वहिनी डोंगरापलीकडे लेकीकडे जात. डॉक्टरांची तक्रार ठरलेली: "काका, उन्हाळा आला की ही उंचीची तबकडी, अल्टिमीटर, एक सांगतो आणि जीपीएस शंभर फूट जास्त. कोणाचं ऐकू?"

"दोघांचंही. जीपीएस उपग्रहांवरून मोजतो. अल्टिमीटर बिचारा हवेचा दाब चाचपून अंदाज सांगतो, आणि त्याच्या पोटात ठरावीक गारव्याच्या हवेचा हिशेब भरलाय. ऊन तापलं की हवा फुगते, मग तो कमीच सांगणार."

"म्हणजे कवळी बसत नाही आणि तुम्ही म्हणता तोंडच चुकीचं!" डॉक्टर म्हणायचे.

यंदा वर्षाच्या तपासणीला मात्र डॉक्टर हसतच आले. "शाब्बास काका! महिनाभर दोन्ही आकडे अगदी सारखे. करा सही."

काकांचं पेन हातातच राहिलं. बाहेर डांबर वितळेल असं ऊन, आणि फरक शून्य? त्यांनी तर काहीच केलं नव्हतं. म्हणजे अल्टिमीटर आता एरवीपेक्षा शंभर फूट जास्त बोलत होता.

"डोंगर ओलांडताना खाली किती जागा ठेवता?"

"पाचशे फूट."

"मग हवा गार झाली की त्यातले शंभर जाणार. हे जादा शंभर आले कुठून ते कळेपर्यंत सही नाही."

तपासणीच्या पेटीला जोडून बघितलं, नळ्या फुंकून बघितल्या. जमिनीवर काटा साधुसंतासारखा सरळ. दोन दिवस असेच गेले. डॉक्टर कुरकुरायला लागले, शेडचे मॅनेजर म्हणाले, "अहो, जुळतंय तर जुळू द्या की!" काकांना जेवण जाईना. चुकीच्या कागदावर आपली सही, आणि त्या भरवशावर दोन माणसं डोंगरावरून जाणार. शेवटी ते घरी म्हणाले, "वर जाऊन बघावं लागणार."

"सव्वीस वर्षं दुसऱ्यांना उडवलंत, आता स्वतः उडा," काकू म्हणाल्या आणि देवापुढे हात जोडून आल्या.

शनिवारी काका मागच्या सीटवर, मांडीवर वही, ओठांत नामस्मरण. पुढे डॉक्टर, शेजारी वहिनी. चाकं जमिनीवरून सुटली तशी वहिनींनी पदराने वारा घेतला आणि हात लांब करून पॅनेलखालचा एक लाल खुंटा ओढला. सराईतपणे, स्वयंपाकघरातलं बटण दाबावं तसा.

"वहिनी, ते काय ओढलंत?"

"हवा हो! माझ्या बाजूची जाळी महिनाभर अडकलीय. काय उकडतं! पण उतरताना आठवणीने बंद करते, चालू टाकून जाणारी नाही मी."

नामस्मरण थांबवून काका पुढे वाकले. तो खुंटा हवेचा नव्हताच. विमानाच्या अंगावर एक बारीक भोक असतं, त्यातून अल्टिमीटरला बाहेरच्या हवेचा दाब कळतो. ते बुजलं तर अडीअडचणीला आतल्या हवेवर काम भागवायचं म्हणून हा खुंटा. पण विमान वेगाने चाललं की आतली हवा बाहेर ओढली जाते, जरा विरळ होते. अल्टिमीटरला वाटतं, आपण आणखी वर आलो.

तीन हजार फुटांवर काका म्हणाले, "आता ढकला बरं आत."

वहिनींनी ढकलला. विमान वरखाली हललं नाही, पण काटा शंभर फूट खाली घसरला. जीपीएस होता तिथेच.

"अहो, परत बिघडलं!" डॉक्टर ओरडले.

"बिघडलेलं होतं, आता ताळ्यावर आलं."

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. "महिनाभर मला डोंगराजवळ नेत होतीस?"

"तुम्हीच म्हणालात ना, आकडे जुळले की बरं वाटतं!" वहिनी म्हणाल्या, आणि मग त्यांचाही चेहरा उतरला. "देवानेच सांभाळलं म्हणायचं."

"सांभाळलं खरं," काका म्हणाले.

खाली आल्यावर त्यांनी आधी वहिनींची जाळी उघडली. आतली तार सुटली होती. पाव तासाचं काम. मग लाल खुंट्याला तांब्याची बारीक तार बांधली, गरज पडली तर हिसक्याने तुटेल इतकी नाजूक. पुन्हा एक फेरी मारून आकडे लिहून घेतले आणि कागदावर नोंद केली: उन्हाच्या दिवशी जीपीएस सुमारे शंभर फूट जास्त दाखवतो, योग्य आहे.

डॉक्टरांनी वाचलं. "हे असंच राहणार तर?"

"थंडी पडेपर्यंत," काका म्हणाले आणि त्यांनी खाली स्वच्छ अक्षरात सही केली.