वाकडी ओळ

आचोळ्यातल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावरच्या मावशी दुपारभर गोधड्या शिवतात. त्यांची सुई थांबली की घोरणं सुरू होतं. माझी झोप मात्र बारीकसारीक चुकांनी उडते, म्हणून बायकोने मला त्यांच्याकडे शिवायला धाडलं. तिथेही मी वाकडे टाके उसवतच राहिलो.

काल मी पुन्हा कात्री उचलली, तशी मावशींनी गोधडी अंथरली आणि तिच्यावर आडव्या झाल्या.

"मावशी, ती ओळ वाकडी झालीय!"

"पाठीला काय कळतंय, भाऊ? तुम्ही पुढची घाला की."

लगेच घोरूही लागल्या. उसवणं शक्यच नव्हतं, म्हणून काठाशी बसून मी पुढची ओळ घालत राहिलो.

मला जाग आली तेव्हा मावशी चहा गाळत होत्या आणि ती वाकडी ओळ माझ्या अंगावर होती.