सकाळीच पडलेलं मत

लग्न होऊन मी पेणहून रोह्याजवळच्या गावात आले, तेव्हा आमच्या आळीत ज्यूंचं एकच घर उरलं होतं. सगळी आळी ज्यांना मावशी म्हणायची, त्या तिथे एकट्या राहायच्या. मुलगा, सून, दीर सगळे इस्रायलला गेलेले. मावशींनी मात्र जायला साफ नकार दिला होता.

नव्वदच्या त्या दशकात लोकसभेच्या निवडणुका सारख्या लागायच्या. माझा नवरा नागोठण्याला कंपनीत होता आणि शिफ्ट संपली की पक्षाचं काम करायचा. "या खेपेला दिल्लीत आपलंच सरकार," असं तो जेवतानाही सांगायचा.

मतदानाच्या दिवशी दुपारी मी आणि मावशी शाळेत गेलो. टेबलावरच्या माणसाने यादीवर बोट ठेवलं. "यांचं मत सकाळीच पडलंय."

मावशींनी दोन्ही हात पुढे केले. शाई कुठेच नव्हती.

"मी तर आता येतेय. मग मत दिलं कोणी?"

आमच्या पक्षाचा एजंट बाकावर बसला होता. त्याने माझ्याकडे बघायचं टाळलं, आणि मी काय ते समजले.

केंद्रावरचे मुख्य अधिकारी भले होते. त्यांनी मावशींची ओळख पटवून घेतली आणि वेगळी मतपत्रिका दिली. ती पेटीत टाकायची नव्हती, पाकिटात बंद करायची होती.

"ही मोजतील?" मावशींनी विचारलं.

"प्रकरण कोर्टात गेलं तर. एरवी नाही."

मावशींनी तरीही शिक्का मारला आणि नीट घडी करून दिली. परतताना एवढंच म्हणाल्या, "मी गेलेच असं धरलंय त्यांनी, गो."

संध्याकाळी मी नवऱ्याला विचारलं. त्याने लपवलं नाही.

"आज ना उद्या त्या इस्रायलला जाणारच. मत फुकट गेलं असतं. आणि एका मताने काय होतंय?"

"काही होत नाही, तर घेतलंत कशाला?"

तो उठून बाहेर गेला. आमचा उमेदवार पडला. दिल्लीत दुसऱ्यांचं सरकार आलं, तेही टिकलं नाही.

पुन्हा मतदान आलं तेव्हा मावशी तापाने फणफणत होत्या. तरी केंद्र उघडायच्या आधी मला घेऊन दारात उभ्या राहिल्या. मत दिलं आणि बाहेर येऊन पायरीवर बसल्या. त्यांना धाप लागली होती.

"दर खेपेला असं पळत यायचं? माझ्याच्यानं नाय व्हायचं आता."

त्याच वर्षी मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला. जीप दारात उभी होती. नवऱ्याने त्यांची ट्रंक उचलून आत ठेवली. तो काहीतरी बोलेल म्हणून मी थांबले होते. मावशीही थांबल्या होत्या, असं मला वाटलं.

"खांबच्या फाट्यापर्यंत रस्ता खराब आहे," तो ड्रायव्हरला म्हणाला. "सावकाश ने."